दहा माणसांची प्रार्थना

आज मी जो काही आहे तो आमच्या इंग्रजीच्या सरांमुळे. विजयदुर्ग रस्त्यावरच्या एका हायस्कुलात मी कारकून होतो. बाहेरून बी.ए.ला बसायला त्यांनीच मला भाग पाडलं, आणि शाळा सुटल्यावर रोज शिकवलं. सर अलिबागकडचे, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमच्या तालुक्यात त्यांच्या धर्माचं दुसरं कुणी नव्हतं.

एका पावसाळ्यात त्यांचे वडील वारले. तार उशिरा मिळाली. एस.टी.ने सर पोहोचले तोवर दफन उरकलं होतं. सुतकाचे दिवस संपवून ते परतले, पण शिकवताना मध्येच थांबू लागले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, मुलाने बापासाठी वर्षभर एक प्रार्थना म्हणायची असते. तिच्यात मेलेल्या माणसाचा उल्लेखही नसतो, नुसती देवाची थोरवी. पण ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा पुरुष लागतात.

मी हे त्यांच्या घरमालकांना सांगितलं. गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान या काकांचा; ते मागणं मागत, आणि बाकीचे मागून 'व्हय म्हाराजा' म्हणत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते माणसं घेऊन सरांच्या घरापुढच्या खळ्यात हजर झाले. कुणी जाळ्यावरून उठून आलेला, कुणी दुकान बंद करून.

"मास्तरानू, दहा व्हये होते मा? तेरा इले. तीन परत धाडू?"

सरांनी हात जोडून सांगितलं, की ते दहा ज्यूच असावे लागतात. माणसं ओशाळली. एकाने चपला शोधायला सुरुवात केली. काकांनी मात्र विचारलं, तुमच्याकडे गाऱ्हाणं कोण घालतं? सर म्हणाले, तसं कुणी नसतं. प्रार्थना ठरलेल्या आहेत, पण त्याखेरीज ज्याने त्याने आपल्या शब्दांत देवाशी बोलावं, तेही तो ऐकतो, असं आमच्यात मानतात.

"मगे तुमीच बोला. आमी मागे आसंव."

नारळ नको, उदबत्ती नको, एवढंच सरांनी सांगितलं. डोक्यावर टोपी घातली, आणि बोलू लागले.

"देवा, बाबांना माती द्यायला मी नव्हतो. तू एक दिवस थांबला असतास तर चाललं असतं. मी तुझ्यावर रागावलोय. पण हे तुझ्याशिवाय सांगू कुणाला?"

देवावर रागावलेलं गाऱ्हाणं आमच्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं. सगळे काकांकडे बघू लागले. काका हळूच म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग सगळेच म्हणाले.

पुढे सरांची बदली त्यांच्या मुलखात झाली. तिथे दहाजणांत उभं राहून ती प्रार्थना म्हटल्याचं त्यांनी कळवलं. मी उत्तर पाठवलं ते निकाल लागल्यावर:

"सर, मी बी.ए. झालो. आई म्हणाली, काकांना गाऱ्हाणं घालायला बोलाव. मी म्हटलं, मीच घालतो. देवापुढे उभा राहिलो आणि काही सुचेना. आजवर त्याच्याकडे फक्त मागितलं होतं. मागायचं काही नसताना काय बोलतात ते ठाऊक नव्हतं. मग तुमच्याबद्दल सांगत राहिलो. आई मागून 'व्हय म्हाराजा' म्हणत होती. तुमच्या वडिलांविषयीही बोललो. त्यांचं नाव मला माहीत नाही, म्हणून 'सरांचे बाबा' एवढंच म्हटलं. चालेल ना?"