समोर बसून खा

घसा बंद झालेल्या माणसाला भेटायला जाताना मी अर्धा किलो कंदी पेढे घेऊन गेलो. साताऱ्यात नोकरी करणारा माणूस सांगलीला रिकाम्या हातानं जात नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मास्तर आजारी आहेत हे कानावर आलं होतं; कशानं, हे विचारायची अक्कल एसटीत बसल्यावरही सुचली नाही. ती भेट शेवटची ठरली.

आम्ही त्यांना घासमास्तर म्हणायचो. आटपाडीच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत आणि खाण्याचा शब्द आला की पुस्तक मिटून फडक्यातली भाकरी सोडत. “शब्द आधी तोंडात गेला पायजे, मग डोक्यात,” असं त्यांचं म्हणणं. भाकरीचा कोपरा पुढच्या दातांनी कुरतडायचा, ते निबल. लचका तोडायचा, तो बाइट. गाल फुगेस्तोवर कोंबायचं, ते माउथफुल. फडक्यावर सांडलेले कण मात्र ओल्या बोटानं टिपून ते स्वतःच खात. “ह्याला क्रंब म्हणत्यात, आन् तो झटकणाऱ्याला गाढव.”

मला कायम निबल मिळायचं आणि मागच्या बाकावरच्या सदाला माउथफुल. एकदा मी भर वर्गात तक्रार केली. मास्तरांनी माझ्या दप्तराच्या दिशेनं नुसतं हुंगलं.

“दोन भाकरी हायत, वर ठेचा हाय. तुला निबल लय झालं.”

पाऊस हुलकावणी देऊन गेलेलं ते साल. सदाच्या दप्तरात पाटीशिवाय काही नसायचं. वर्ग हसला आणि मी सदाकडे न बघता खाली बसलो.

सिप शिकवायच्या दिवशी त्यांनी घरून ताकाचा तांब्या आणला. एकेकानं टेबलाशी येऊन ओठ ओले होण्यापुरतं ओंजळीत घ्यायचं. माझा नंबर दुसरा. मी तांब्याच तोंडाला लावला. खाली ठेवला तेव्हा त्यात फक्त मिरचीचा तुकडा उरला होता. मास्तरांनी तांब्या उपडा करून पाहिला, फळ्याकडे वळले आणि पुढचा शब्द लिहिला : गल्प. अर्थ सांगायची गरज नाही, म्हणाले, तो पहिल्या बाकावर बसलाय. मॅट्रिक होईपर्यंत मी गल्प्याच राहिलो.

सांगलीत त्यांच्या दारात मी पुडा पुढे केला, तशा काकूंनी मला दंडाला धरून मागच्या दारी नेलं. मिरजेच्या डॉक्टरांनी पोटात नळी घातली होती. महिनाभर तोंडानं पाण्याचा थेंब नव्हता.

“लपव त्यो पुडा. आमी सुदिक हितं न्हाणीच्या आडोशाला जेवतो. त्यांच्या नाकाला लागू नये म्हणून फोडणी बंद केलीया.”

पुडा सदऱ्याखाली खुपसून मी आत गेलो. मास्तर खाटेवर घडी मोडलेल्या धोतरासारखे पडले होते. नाक तेवढं जुनंच होतं.

“कंदी पेढा,” ते खरखरत्या आवाजात म्हणाले. “काढ.”

काढला. काकू दारात थिजल्या.

“महिना झाला, माझ्याम्होरं कुणी घास उचलंना. चोरावानी जेवत्यात. मी मेल्यावर करायचं ते आतापासनंच करत्यात. तू हितं बस, आन् समोर बसून खा. सावकाश. आधी निबल.”

मी पेढ्याची कड कुरतडली. वर्गात बघायचे तसेच ते माझ्या जबड्याकडे बघत होते. मग म्हणाले, आता बाइट. मी घेतला, आणि तो तोंडातच फिरत राहिला. घास खाली उतरेना, थुंकायची सोय नाही, आणि डोळ्यांनी तर सरळ दगाच दिला.

चादरीवर एक कण पडला होता. मास्तरांनी तो बोटानं टिपला, सवयीनं तोंडाशी नेला, तिथंच थांबले, आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“अख्खा तांब्या रिचवणारा गल्प्या तू,” ते म्हणाले. “नळी मला घातलीया, गाढवा, तुला न्हाई. गीळ.”