पिंजायची राहिलेली गादी

शिंदे सर गेल्याचं त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, मुकुंदवाडीहून फोनवर सांगितलं, तेव्हा मी रडले नाही. सर भरपूर आणि मजेत जगले. रडू आलं ते नंतर... त्यांचे आभार मानायचे राहिले म्हणून.

शाळेत एकदा वादविवाद होता, जपानवर अणुबॉम्ब टाकला ते योग्य की अयोग्य. 'योग्य'च्या बाजूनं मी तावातावानं बोलले. लढाई लवकर संपली, पुढचे कितीतरी जीव वाचले! टाळ्या पडल्या. आमचे इतिहासाचे शिंदे सर मूळचे पाचोडचे, बोलणंही तिथलंच. ते उठले आणि म्हणाले, "लई छान बोललीस. आता जे मेले त्यातल्या एकाचं नाव सांग."

मला येईना. 'अयोग्य'वाल्यांनाही येईना.

"नाव ठाऊक नसलं की फैसला सोपा जातो," सर म्हणाले. बक्षीस मलाच मिळालं, पण तेव्हापासून 'योग्य' हा शब्द मी जपून वापरते. एवढं मोठं देणं दुसऱ्या कुणी मला दिलं नाही.

शेवटचं भेटले ते उन्हाळ्यात. सर ज्या गादीवर बसले होते तिच्यात नुसत्या गाठी. मी चेष्टेनं म्हटलं, "सर, पेन्शन साठवून काय करता? गादी तरी पिंजून घ्या."

"अन्वरच्या बापानं भरलीय ती," सर म्हणाले. खोळी बदलल्या, आतला कापूस त्यानं भरला तसाच. अन्वर हा पिंजाऱ्याचा मुलगा, सरांचा पाचोडचा लहानपणीचा दोस्त. अठ्ठेचाळीस साली निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली तेव्हा सरांनीही गुलाल उधळला होता. मागोमाग मुसलमानांच्या घरांची जी जाळपोळ झाली, तिच्यात अन्वरचं घर गेलं. त्याचं काय झालं ते सरांना कधीच कळलं नाही.

"निजामाचं राज गेलं ते चांगलंच झालं, आजबी तेच म्हणीन. पण पोरी, अन्वरचं नाव घेणारा मी एकलाच उरलोय. मी गेल्यावर..."

गेलेल्या माणसाचं अंथरूण आपल्याकडे घरात ठेवत नाहीत. दिवस झाल्यावर सरांचा मुलगा ती गादी देऊन टाकायला निघाला, तर मी मागून घेतली. "लोक नावं ठेवतील गं," काकू म्हणाल्या. ठेवू देत. आता माझ्याकडे येणारा जो तो तिच्यावर बसतो, अवघडतो आणि विचारतो, ही पिंजून का घेत नाही? मग मी सांगते. अन्वर नावाचा एक मुलगा होता, पाचोडचा.