साडूभाऊंचे लेमूर

आमच्या साडूभाऊंइतका कामसू माणूस अख्ख्या रियाधमध्ये सापडणार नाही, आणि नसती कामं इतक्या हौसेनं अंगावर घेणाराही. बँकेच्या आयटी विभागात वीस वर्षं काढल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना प्रोजेक्ट वाटते. घरी गणपती बसायचा असला की मोदकांचा ‘डिलिव्हरी प्लॅन’ फ्रिजवर लागतो. भाजीत मीठ कमी असेल तर ते ‘एक छोटं ऑब्झर्व्हेशन’ मांडतात आणि माझी मेहुणी ते तिथल्या तिथे क्लोज करते.

गेल्या वर्षी मुलाला घेऊन ते पक्ष्यांच्या बाजारात गेले. तिथं पिंजऱ्यात मुठीएवढं लेमूर दिसलं. मादागास्करचं, रात्री हिंडणारं जनावर. भर दुपारी ट्यूबलाइटखाली हातांनी डोळे झाकून बसलं होतं. साडूभाऊंनी दुकानदाराला दिवा बंद करायला सांगितलं. ‘खलास, यल्ला,’ म्हणत त्यानं यांनाच बाहेर काढलं. तक्रार केली, तर दुसऱ्या दिवशी पिंजराच गायब. साडूभाऊ दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना मेल आली: ‘लेमूर संवर्धन, किक-ऑफ.’ मी उपाध्यक्ष झाल्याचं मला त्यातूनच कळलं.

इंटरनेटवर त्यांनी मादागास्करच्या एका खेड्यातले शाळामास्तर शोधून काढले. गावाशेजारच्या रानात असलेच लेमूर होते, आणि शेतीसाठी ते रान जाळायचं चाललं होतं. गावानं ते राखावं, बदल्यात आपण शाळेसमोर विहीर खोदून द्यावी, अशी साडूभाऊंची योजना. ‘पप्पा, दॅट्स नॉट इव्हन अवर कंट्री,’ मुलगा म्हणाला. ‘बाळा, राहतो तीसुद्धा आपली नाही,’ साडूभाऊ शांतपणे म्हणाले.

गावसभा व्हिडिओवर घ्यायची ठरली. तिथलं आणि इथलं घड्याळ एकच, म्हणून स्वारी खूश. आठवड्याचा पहिला कामाचा दिवस, सकाळी साडेनऊ; मास्तरांना आदल्या संध्याकाळी निमंत्रण. साडूभाऊंनी रजा टाकली, आम्हालाही टाकायला लावली. पोहे झाले, चहा झाला. स्क्रीनवर आमचेच चेहरे. ‘जॉइन होतील हो,’ म्हणत ते तासभर टाय लावून बसले. शेवटी टाय सोडून म्हणाले, ‘नको असेल त्यांना. कोण कुठले आपण!’

दुपारी मास्तरांचा फोन आला. रविवार होता, अख्खं गाव चर्चमध्ये होतं. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीला सरावलेल्या आम्हा शहाण्यांपैकी एकालाही रविवार आठवला नव्हता.

मंगळवारी पुन्हा सभा भरली. या वेळी शाळा गच्च होती. एका म्हातारीनं मास्तरांमार्फत विचारलं, ‘आमच्या रानाची काळजी तुम्हाला का?’ या प्रश्नावर साडूभाऊंकडे चार स्लाइड्स तयार होत्या. त्यांनी एकही लावली नाही. ‘तुमच्याकडचं एक इथं बाजारात पाहिलं,’ ते म्हणाले. ‘घरी पोचवता आलं नाही.’ मास्तरांनी ते गावाला सांगितलं. मग म्हातारीनं हात वर केला, आणि तिच्यामागे एकेक करत बाकीच्यांनी.

यंदा रान जाळायचं नाही, एवढंच ठरलं. पुढच्या वर्षी पुन्हा विचारावं लागणार. तोवर साडूभाऊंचा इकामा, म्हणजे नोकरीवर मिळणारा इथला राहण्याचा परवाना, राहील की नाही, सांगता येत नाही. बँकेत माणसं कमी करताहेत. परवा मी तो विषय काढला, तर म्हणाले, ‘मी नसलो तर तुम्ही विचारा, साडूभाऊ. फक्त रविवारी नको.’

मी हो म्हणालो. इतक्या वर्षांत त्यांच्या कुठल्याही खटाटोपाला मी मनापासून हो म्हटलेलं हे पहिलंच. आजवर नुसती थट्टाच केली, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.