लेबलावरच्या जांभळ्या रेघा

ती घटना आठवायला मला प्रयत्न करावा लागत नाही. विसरण्याचा मात्र करून पाहिला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वडील लष्करात असल्यामुळे मी लखनऊत वाढलो आणि तिथल्याच पोलिसांत लागलो. तेव्हा एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना रुग्णालयातून फोन आला. अलीगंजमध्ये राहणारे एक मराठी शास्त्रज्ञ दगावले होते आणि डॉक्टरांना विषारी दारूचा संशय होता.

त्यांच्या पत्नीचा जबाब मी स्वतः मराठीत घेतला. मुलीचे लग्न ठरले, पाहुणे गेले, तेव्हा त्यांनी ठेवणीतली विदेशी व्हिस्की उघडून दोन पेले घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्यांनी विचारले, "पडदे का लावून ठेवलेस?" पडदे उघडेच होते.

व्हिस्की त्यांनी कुणाच्या तरी ओळखीतून, दुकानापेक्षाही चढ्या भावाने घेतली होती. एक माणूस ती घरी देऊन गेला. त्याचे नाव बाईंना ठाऊक नव्हते. "स्वस्तातलं घेऊन जिवाशी खेळ कशाला, असं म्हणाले होते," एवढेच त्या सांगू शकल्या.

नियम म्हणून आम्ही बाटली जप्त केली, पंचनामा करून प्रयोगशाळेत पाठवली. पण संशय तिच्यावर नव्हता. सोनेरी झाकण, जाड पुठ्ठ्याचा डबा. तिच्याकडे पाहून मलाही आदरच वाटला. त्यांचा माळी जवळच्या ठेक्यावरून, म्हणजे परवान्याच्या दारू दुकानातून, देशी आणतो असे कळले आणि मी ठेकेदाराला उचलले. माळी ठणठणीत होता, ही गोष्ट मी मनावर घेतली नाही. ठेकेदार दोन दिवस एकच सांगत राहिला, "साहब, हमारा गिराहक कल फिर आता है। उसको मार के हम खाएँगे क्या?" मी तिथल्या देशीचे नमुनेही प्रयोगशाळेत पाठवले आणि त्याच्या ठेक्याला सील लावले.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. देशीत काही दोष नव्हता. व्हिस्कीत मिथाइल अल्कोहोल होते, आधी डोळे आणि मग जीव घेणारे.

मालखान्यातून, जप्त मुद्देमालाच्या खोलीतून, बाटली मागवून मी तेव्हा प्रथमच ती नीट पाहिली. मागच्या लेबलाच्या कडेला जांभळ्या पेन्सिलीच्या सात बारीक रेघा होत्या, एकीखाली एक, आणि प्रत्येकीच्या टोकाला टिंब. दुकानदाराने केलेली खूण असावी, असे हेडकॉन्स्टेबल म्हणाला. मी हो म्हटले.

त्या रेघा माझ्या बायकोच्या होत्या. ती शाळेत शिकवायची, वह्या त्याच पेन्सिलीने तपासायची. मी पेला भरला की उरलेल्या दारूच्या पातळीवर ती रेघ ओढायची आणि टिंब द्यायची, म्हणजे मला नंतर गुपचूप घेता येऊ नये.

जेवायला घरी गेलो तेव्हा विचारले, आपल्याकडच्या त्या व्हिस्कीच्या रिकाम्या बाटलीचे काय केलेस?

"भैयाला दिली, रद्दीवाल्याला. डब्यासकट, झाकणासकट असेल तर जास्त देतो म्हणाला. का हो?"

मी सांगितले. तव्यावरची पोळी करपली. मग ती म्हणाली, "लिहा माझं नाव. मी कोर्टात येऊन सांगते, ही बाटली मी विकली म्हणून."

पण ती बाटली मला एका कंत्राटदाराने दिवाळीला दिली होती. माझ्या पगारात तसली दारू बसत नव्हती, हे कोर्टात कुणीही विचारले असते. मी केस डायरीत लिहिले: 'रद्दीवाल्याबद्दल विश्वसनीय खबऱ्याकडून माहिती मिळाली.' खबऱ्याचे नाव सांगण्याची सक्ती पोलिसावर करता येत नाही. कायद्याची ती सवलत मी स्वतःसाठी वापरली.

रद्दीवाल्याला आणले. मारहाण करावी लागली नाही. चहा पिता पिता त्याने लखनऊच्याच सरोजिनी नगरमधली शेड सांगितली. तिथे धुतलेल्या बाटल्या, झाकणे, सीलबंद करण्याचे यंत्र आणि औद्योगिक स्पिरिटचे पिंप मिळाले. बाटल्या आतून धुतलेल्या होत्या. लेबल मात्र भिजू द्यायचे नाही, कारण भाव त्यालाच मिळतो. खोलीत आम्ही दोघेच उरलो तेव्हा रद्दीवाला हसून म्हणाला, "खाली बोतल बेचना कौन सा जुर्म है, साहब? आप ही के यहाँ से तो लाते हैं।"

मी त्याला साक्षीदार केले नाही.

न्यायालयात बचावाच्या वकिलाने एकच प्रश्न लावून धरला: ही बाटली याच शेडमधली कशावरून? उत्तर लेबलावर होते. मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून सांगितले की त्याबद्दल काही सांगता येणार नाही. मनुष्यवधाचा आरोप टिकला नाही. बनावट दारूबद्दल थोडी शिक्षा झाली, तीही भोगून शेडचा मालक मोकळा झाला.

निकालानंतर बाई कोर्टाच्या पायऱ्यांवर थांबल्या होत्या. "भाऊ, तुम्ही खूप केलंत," म्हणाल्या. माझी बायको शेजारी उभी होती. त्या विषयावर ती पुढे कधीच बोलली नाही.

महाग दारू चांगली असते का, असे मला निवृत्तीनंतरही लोक विचारतात. पोलिसात होतो म्हणून विचारत असावेत. मी सांगतो, जास्त पैशात डबा आणि झाकण मिळते, आणि शंका न घेण्याची सवय लागते. आत काय आहे ते किमतीवरून कळत नाही. माणसांचेही तेच. माझ्या हुद्द्यावरून आत काय आहे ते बाईंना तरी कुठे कळले?

गेल्या वर्षी बायको गेली. स्वयंपाकघर आवरताना तिच्या तेलाच्या, व्हिनेगरच्या, गुलाबपाण्याच्या बाटल्या निघाल्या. एकीवरही लेबल नव्हते. सगळी लेबले तिने नखांनी खरवडून काढली होती.