तहमीनानं ट्रेस बंद केला

तहमीना शेख त्या कारखान्यात गेली की कुणी तिला बसायला खुर्ची देत नसे. ती पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सपोर्ट इंजिनिअर. मूळची यवतची, तिथं तिचे अब्बा सुभानभाई गाद्यांचं दुकान चालवतात. ती बोलायची कमी, पण एकदा अडून बसली की हलायची नाही.

कारेगावजवळच्या त्या कारखान्यात गाड्यांचे पंप जोडले जात. पंप तपासला की तहमीनाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर असलेल्या कॉम्प्युटरवरून त्याचं लेबल छापून निघे. लेबल लागल्याशिवाय पंप पुढं सरकत नसे. अलीकडं तो कॉम्प्युटर मधूनच गोठायचा आणि सगळी लाइन थांबायची. प्रॉडक्शन मॅनेजर पृथ्वीराज जगदाळे ऑपरेटरांना शिव्या घालायचे, ऑपरेटर सॉफ्टवेअरला. आणि तहमीनानं मनाशी आधीच ठरवून टाकलं होतं, की लेबलच्या कॉम्प्युटरवर बसणारा ऑपरेटर दत्ता फराटे मुद्दाम भलती बटणं दाबतो.

"तुमचं सॉफ्टवेअर भंगार हाय," दत्ता पहिल्याच भेटीत म्हणाला.

"की तुम्हाला ते वापरता येत नाही?"

त्यानं पाठ फिरवली.

सॉफ्टवेअरच्या नोंदींत नुसतं 'प्रतिसाद नाही' एवढंच सापडत होतं. मग तिनं सेटिंगच्या फाइलमध्ये नोंदींची पातळी फक्त बिघाड टिपणाऱ्या 'एरर'वरून 'ट्रेस'वर नेली. आता प्रोग्रॅम चालू असताना काय काय करतो ते सगळं लिहिलं जाणार होतं: कुणी स्कॅन केलं, कुठलं बटण दाबलं, प्रिंटरला काय पाठवलं, उत्तर कधी आलं. अशा नोंदी भराभर फुगतात, म्हणून तिनं ट्रेस छपाईपुरताच ठेवला आणि फाइलच्या आकाराला मर्यादा घातली.

दत्तानं स्क्रीनवर आपलं नाव पाहिलं.

"आमच्यावर पाळत ठेवताय व्हय?"

"लाइन का थांबते ते शोधतेय."

"मग त्यात माझं नाव कशाला?"

"कुणाच्या हातून थांबते ते कळायला नको?"

झालं. त्या दिवसापासून लाइनवरचं कुणी तिच्याशी बोलेना. तिच्या लॅपटॉपच्या बॅगेवर कुणीतरी मार्करनं 'खबरी' लिहिलं. तिनं ते पुसलं आणि तक्रार केली नाही.

पुढच्या वेळी लाइन थांबली तेव्हा तिनं ट्रेसची फाइल उघडली. शेवटची ओळ होती, प्रिंटरच्या उत्तराची वाट पाहतोय. त्यापुढं काहीच नाही. दत्तानं तेव्हा नुकतंच प्रिंटरचं झाकण उघडून लेबलचा संपलेला रोल बदलला होता. तेवढ्यात प्रिंटरचं उत्तर हुकलं, आणि प्रोग्रॅम वाट बघतच बसला. किती वेळ वाट बघायची हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चूक तिच्या कंपनीची होती.

तिनं पुण्याहून दुरुस्ती करून घेतली, बसवली आणि दत्ताकडं गेली.

"चूक आमची होती. तुमची नव्हती."

"म्हंजी आतापत्तुर माझी हुती व्हय?"

तिनं लॅपटॉप उघडला.

तिनं ट्रेस बंद केला, तसं पृथ्वीराजांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"ते चालूच राहू द्या. कोण किती वेळ रिकामा बसतो ते दिसतंय त्यात."

"सर, ते बिघाड शोधायला असतं. बिघाड सापडला."

"मशिनं आमची, माणसं आमची. तुम्ही शिकवू नका."

"मी चालू करणार नाही."

पृथ्वीराजांनी तिच्यासमोरच तिचा साहेब रविराज याला फोन लावला. रविराजनं एक शब्दही न विचारता पुण्यात बसल्या बसल्या ट्रेस चालू केला, तोही लाइनवरच्या सगळ्या स्टेशनांवर, आणि फाइलची मर्यादा काढून.

काही दिवसांतच त्या नोंदींनी कॉम्प्युटरची डिस्क भरली. छपाई बंद पडली, लाइन ठप्प झाली. रविराजनं निस्तरायला तहमीनालाच पाठवलं. ट्रेस तिनंच चालू ठेवला होता, असं पृथ्वीराजांनी तोवर लाइनवर सांगून टाकलं होतं.

"आलात का परत, नावं टिपायला?" दत्तानं विचारलं.

"ते आमच्या पुण्याच्या साहेबांनी चालू केलं होतं. मी बंद करायला आलेय."

"सगळे असंच म्हणत्यात."

तिनं फाइली पुसल्या, पातळी पुन्हा 'एरर'वर आणली आणि एक लेबल छापून पाहिलं. दत्तानं ते तिच्या हातातून ओढून घेतलं, पंपावर चिकटवलं आणि पंप पुढं ढकलला.

तहमीना अजून त्याच कंपनीत आहे. त्या कारखान्यात पुन्हा जाणार नाही, हे तिनं रविराजला लेखी कळवलं. त्याच्याशी ती कामापुरतंच बोलते.