बेसिनात ओतलेली लस

नारीन नदीकाठच्या त्या गावात बुरुलचा हात हलका म्हणून नावाजलेला होता. एकतीस वर्षं ती दवाखान्यात नर्स होती. निम्मं गाव तिच्या सुईला रडून मोठं झालेलं. सगळे तिला एजे म्हणत, थोरली बहीण.

तो हात तिने एकदाच आखडता घेतला, घरच्या लेकरासाठी. लेकीला लस नको म्हणून सून हटून बसली होती. मुलगा रशियातून फोनवर म्हणाला, "आई, तू टोचलंस तर ती पोरीला घेऊन माहेरी जाईल. मग बस एकटी." पण कार्डावर नोंद नसेल तर बालवाडीत घेत नाहीत. शेवटी बुरुलने गोवराच्या लसीची कुपी फोडली, बेसिनात ओतली आणि नातीच्या, अल्तिनायच्या, कार्डावर तारीख घालून सही केली.

यंदा मार्चात गोवर आला. चार वर्षांच्या अल्तिनायचा ताप छातीत उतरला. जिल्ह्याच्या इस्पितळात नवव्या दिवशी ती गेली.

चाळिसाव्या दिवसाचे विधी उरकून बुरुल कामावर आली, तेव्हा बाकावर दोन गरोदर बायका वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे चघळत बसल्या होत्या.

"एजेच्या नातीला टोचलेलं होतं," थोराड साकिश सांगत होती. "कार्ड माझ्या नणंदेनं पाहिलंय, तीच बालवाडीत शिकवते. वाचली का पोर? मग आपल्या पोरांना कशाला टोचायचं?"

शेजारची सिम्बात पहिलटकरीण, सातवा लागलेला. ती पोटावर हात ठेवून ऐकत होती.

बुरुल दारातच थांबली. "टोचलं नव्हतं," ती म्हणाली. "मी खोटं लिहिलं. लस बेसिनात ओतली."

साकिशने सरकून जागा करून दिली. "बसा, एजे. असं बोला म्हणून वरून सांगितलंय ना? नोकरीसाठी माणसाला काय काय बोलावं लागतं."

"नोकरी तर आता जाईल माझी."

"जाते कशी? त्यांचंच तर बोलताय."

बुरुलने पुन्हा सांगितलं, कोणत्या वारी, कोणत्या बेसिनात. साकिशने तिची पाठ चोळली. दुःखाने माणूस स्वतःवरच आळ घेतं, म्हणाली, आणि तपासणी न करताच निघून गेली.

सिम्बात मात्र गेली नाही. बुरुलच्या मागोमाग तपासणीच्या खोलीत येऊन तिने दार लोटलं.

"माझा विश्वास आहे, एजे."

बुरुलने मान वर केली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा तिला नीट श्वास घेता आला.

"मग ऐक, पोरी. बाळ वर्षाचं झालं की—"

"म्हणजे तसं करता येतं," सिम्बात हळूच म्हणाली. "नुसतं लिहायचं. माझ्या बाळाचंही तसंच कराल? कुणाला सांगणार नाही मी."

"माझी पोर गेली, सिम्बात."

"तिची वेळच भरली होती, एजे," ती समजूत घालत म्हणाली, आणि बुरुलचा गार पडलेला हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.