जपानी न्हावी आणि विनायकराव

ही गोष्ट मी किमान पन्नास वेळा सांगितली आहे, आणि खरी एकदाही सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. आज तुम्हाला सांगतो — पण थोडा आडवळणाने येईन, चालेल ना?

आधी माझा शौक. मला जपानी सिनेमे आवडतात. थांबा, लगेच आदराने मान डोलावू नका! ते संथ, चहा पीत खिडकीबाहेर बघणारे सिनेमे वेगळे. माझे म्हणजे चार दिवसांत, कुणाच्या तरी मेव्हण्याच्या गोदामात उरकलेले. करवत लागली की माणसातून रक्ताचं कारंजं उडतं, बागेतल्या नळीसारखं — कधी कधी ती नळी दिसतेसुद्धा. मुंडकं रबराचं, ओरडणं मात्र मनापासून. मरणारा मरता मरता कमरेत वाकून माफी मागतो. मी हसून हसून आडवा होतो.

पण बघायचं कुठे? टीव्हीवर लावलं तर पाहिलेल्यांच्या यादीत सिनेमाचं नाव मुलांच्या कार्टूनशेजारी दिसत राहतं. म्हणून पेनड्राइव्ह, लॅपटॉप, आणि गॅरेजमधली गाडी. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीच्या थंडीत ब्लँकेट गुंडाळून, काचा बंद करून मी एकटा खिदळत बसायचो. खुळचटपणा म्हणा. गुन्हा नाही. गुन्हा पुढेच आहे.

आमच्या इथल्या मराठी मंडळाने एका दिवाळीला सगळ्यांना पेनड्राइव्ह वाटले होते — लाल, वर पिवळा गणपती. माझ्या घरी दोन आले. एकात काय होतं ते ओळखलंतच. दुसऱ्यात कोकणातल्या देवळांचा व्हिडिओ, गणेशोत्सवासाठी मीच जमवलेला. स्टेजवर मुलं अथर्वशीर्ष म्हणणार आणि मागच्या पडद्यावर देवळं दिसणार. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी एक पेनड्राइव्ह मी विनायकच्या हातात ठेवला. विनायक आमचा नागपूरकर मित्र. कार्यक्रमात दिवे, आवाज, पडदा तो बघायचा. पण त्याचा जीव होता रविवारच्या मराठी शाळेत. ‘ळ’ म्हणताना जीभ कुठे न्यायची हे शिकवताना तो असे चेहरे करायचा, की इंग्रजीत उत्तरं देणारी आमची पोरं त्याच्या वर्गात मराठीत भांडायची.

सूत्रसंचालक अर्थातच मी. भाड्याचं सभागृह भरलेलं, पडदा माझ्या पाठीमागे. मी म्हणालो, “चला, आता कोकणात जाऊ या!”

आणि मागून आवाज आला — फस्स्स.

मला वळून बघायची गरजच नव्हती. कुठला सिनेमा, कितवं मिनिट, सगळं पाठ. एक न्हावी स्वतःचं तुटलेलं मुंडकं खुर्चीत ठेवून त्याची हजामत करतो. मान मोकळीच, त्यामुळे आरसाभर रक्त. आज्या किंचाळल्या. मुलं — काय हसली हो मुलं! क्षणभर मला आनंदच झाला, हेही कबूल करतो. मग पहिल्या रांगेतून एक काकू ओरडल्या, “बंद करा आधी! कोणाचं आहे हे?”

माझं होतं. पण दिवे माझ्यावर, माइक हातात, सगळे चेहरे माझ्याकडे — पळणार कुठे? माझी जीभ माझ्याआधी धावते. ती म्हणाली, “विनायकराव, घरचं घरी ठेवा हो!”

प्रचंड हशा. वर, दिवे-आवाजाच्या खोलीत, काचेमागे विनायक उभा होता. रागावलेला नव्हता. वाट बघत होता.

पार्किंगमध्ये त्याने विचारलं, “सांगून टाकशील ना बे?”

“सांगतो रे यार. आज लोक तापलेत. गुरुवारी मंडळाची मीटिंग आहे ना, तिथे सांगतो.”

गुरुवारी मी काय केलं? गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. मी बोललो. “माणूस सोन्यासारखा आहे,” मी म्हणालो, “पण शेवटी प्रश्न लहान मुलांचा आहे.” किती समतोल बोललात, असं दोघांनी मला नंतर सांगितलंही. विनायककडून रविवारची शाळा काढून घेतली. तसं कळवायचा फोनही माझ्याकडेच आला — मित्र ना त्याचा! तो फक्त म्हणाला, “ठीक आहे.” वर्षभरात नोकरी बदलून तो दूर, दुसऱ्या राज्यात मॉरिसव्हिलला गेला. तो स्वतः का बोलला नाही? कोणी विश्वास ठेवला नसता म्हणून? की मी बोलेन म्हणून? मी कधी विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार?

आणि ती गोष्ट माझ्या मानगुटीवर बसली. दर पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे आणून एकत्र जेवायला जमलो की, फर्माईश — “काका, जपानी न्हावी!” नाही म्हणालो तर का नाही, हा प्रश्न. हो म्हणालो की गळ्यात टॉवेल, हातात वस्तऱ्याऐवजी चमचा, आणि विनायक पुन्हा एकदा चारचौघांत उभा. दर वेळी मी त्यात थोडं मीठमसाला घालतो. दर वेळी हशा वाढतो. दर वेळी खरं सांगणं आणखी अवघड होतं.

गेल्या महिन्यात एका वास्तुशांतीला असाच प्रयोग झाला. संपल्यावर एक मुलगी हसत हसत पुढे आली. मुक्ता — विनायकची मुलगी. इथे मिनियापोलिसला शिकायला आली आहे. नाव सांगेपर्यंत मी ओळखलंच नव्हतं.

“काका, दॅट वॉज सो फनी! मी सहा वर्षांची होते, मला काहीच आठवत नाही. बाबा नेव्हर टॉक्स अबाउट इट. खरंच ते असलं बघायचे?”

म्हणजे त्याने घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. पोटच्या पोरीलासुद्धा नाही.

ती कागदी प्लेट धरून उभी होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. दिवे नव्हते, माइक नव्हता, घाई नव्हती.

“बघायचा गं,” मी म्हणालो. “पण त्याला विचारू नकोस. लाजेल बिचारा.”

“ओके काका, नाही विचारणार,” ती म्हणाली, आणि हसतच मैत्रिणींकडे गेली. मी तिला जाऊ दिलं.